‘व्हॉट इज लव्ह’ अजून का वाजतं : एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

नमस्कार,

हॅडवे या गायकाच्या ‘व्हॉट इज लव्ह’ गाण्यावरच्या लेखाखाली तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया दोन ओळींत आटोपण्यासारखी नव्हती, म्हणून हे वेगळं उत्तर. बाकीच्या वाचकांसाठी तिचा गोषवारा देतो. तुमचं म्हणणं असं : हे गाणं टिकलं ते अमेरिकी विनोदी कार्यक्रमामुळे, पुढे मीम्समुळे आणि लोकांच्या जुन्या आठवणींमुळे, गाण्यात स्वतःचं काही नाही, शब्दही पोकळ. चार कॉर्ड (एकदम वाजणाऱ्या सुरांचे गट) फिरवायच्या, कॉम्प्युटरने आवाज रंगवायचा आणि व्हिडिओत भलताच चेहरा उभा करायचा, हीच युरोडान्सची, म्हणजे त्या काळच्या युरोपी नाचगाण्यांची, रीत होती. मी दिलेली गीतकारांची नावं शोधून सापडत नाहीत. आणि शेवटी, तुमच्या भाच्याने अर्ध्या तासात लॅपटॉपवर हीच चाल बसवली, ‘फक्त ती कुठेतरी बसत नाही, बेस मध्येच गायब होतो’.

नावांचा मुद्दा तुमचा बरोबर आहे, तो आधी मान्य करतो. डी डी हॅलिगन आणि ज्युनिअर टोरेलो ही दोन्ही टोपणनावं आहेत आणि लेखात ते सांगायला हवं होतं. खरी जोडी टोनी हेन्ड्रिक आणि कारिन हार्टमान-आयझेनब्लेटर यांची, जर्मनीतल्या कोकोनट रेकॉर्ड्स या कंपनीवाली. त्यातलं टोनी हेन्ड्रिक हेसुद्धा टोपणनावच. १९८५ सालचं बॅड बॉईज ब्ल्यू या गटाचं ‘यू आर अ वुमन’ याच दोघांच्या कारखान्यातलं. म्हणजे १९९३मध्ये हॅडवेचं गाणं आलं तेव्हा ही माणसं नवखी नव्हती. लोकांच्या तोंडी बसेल अशी ओळ घडवण्याचा त्यांचा हात तयार होता.

भलत्याच चेहऱ्याचा आरोप या प्रकारच्या संगीतावर खरा आहे, या गाण्यावर नाही. ब्लॅक बॉक्स या गटाच्या ‘राइड ऑन टाइम’मध्ये (१९८९) पडद्यावर कात्रीन किनोल ओठ हलवते आणि आवाज असतो लोलिएटा हॉलोवेचा, तोही १९८०च्या ‘लव्ह सेन्सेशन’मधून उचललेला. कोरोना या गटाच्या ‘रिदम ऑफ द नाइट’मध्ये चेहरा ओल्गा डिसुझाचा आणि गळा जेनी बीचा. मार्था वॉश या गायिकेला तर स्वतःच्याच आवाजाचं श्रेय मिळवायला कोर्टाची पायरी चढावी लागली. हॅडवेचं तसं नाही. जो दिसतो तोच गातो. आणि ‘कॉम्प्युटरने रंगवलेला आवाज’ म्हणाल, तर ऑटो-ट्यून हे सूर दुरुस्त करणारं सॉफ्टवेअर बाजारात आलं १९९७मध्ये, गाण्यानंतर ४ वर्षांनी. शेर या गायिकेच्या ‘बिलीव्ह’ने (१९९८) तो यांत्रिक सूर घरोघरी पोहोचवला आणि आपल्या कानांनी मागच्या सगळ्या गाण्यांना तोच शिक्का मारला. इथे आवाजावर घुमारा आहे, प्रतिध्वनी आहे, पण सुराचे कोपरे माणसाचेच आहेत. लांबवलेल्या स्वराच्या शेवटी तो किंचित खाली घसरतो, तिथे कान देऊन ऐका.

आता विनोदी कार्यक्रमाचं. ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’मधलं मान हलवणाऱ्या भावांचं प्रहसन सुरू झालं १९९६मध्ये आणि त्यावरचा चित्रपट आला १९९८मध्ये. गाणं त्याआधीच, १९९३मध्ये, ब्रिटनमध्ये आणि जर्मनीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत आणि अमेरिकेत ११व्या क्रमांकापर्यंत गेलं होतं. प्रहसनाने गाण्याला आयुष्य वाढवून दिलं, हे मी नाकारत नाही. पण तो विनोद चालला कारण गाणं प्रेक्षकांना आधीच पाठ होतं. अनोळखी गाण्यावर मान हलवून हशा मिळत नाही.

जुन्या आठवणींचा मुद्दाही असाच अर्धवट लागू पडतो. आठवणी सगळ्यांना सारख्याच चिकटायला हव्यात ना? त्या दोन-तीन वर्षांत त्याच यंत्रांवर, त्याच वेगात, तसल्याच ड्रमवर ढिगाने गाणी निघाली आणि त्यातली बहुतेक आज कुणी फुकटही वाजवत नाही. मग निवड कशाने झाली?

माझं उत्तर : या गाण्याचे सुटे भाग केले तरी प्रत्येक भाग एकटा उभा राहतो. ताल काढा, वेग निम्मा करा, दुसऱ्याच्या तोंडी द्या, तरी ओळखू येतं. किएझा या गायिकेने २०१४मध्ये ते संथ, पियानोवर गायलं. जस्ट ब्लेझ या निर्मात्याने २०१०मध्ये त्याचा तुकडा एमिनेम आणि लिल वेन या रॅपरांच्या ‘नो लव्ह’खाली घातला. लॉस्ट फ्रीक्वेन्सीज या डीजेने २०१६मध्ये ते मवाळ केलं. डेव्हिड गेटा या डीजेने २०२३मध्ये फक्त ध्रुवपद ठेवून बाकी गाणं नवं बांधलं. चार वेगवेगळ्या जातींची कामं, आणि मूळ माल एकदाही फाटला नाही.

तुम्ही ‘चार कॉर्ड’ असं हिणवून लिहिलंत, तर त्या चार कॉर्डच जरा जवळून पाहू. घरी पेटी असेल तर समोर घ्या. पांढरी पाच (इंग्रजीत जी) हा सा धरा.

पहिली कॉर्ड जी मायनर : पांढरी पाच, काळी पाच, वरची पांढरी दोन. म्हणजे सा, कोमल ग, प.
दुसरी बी फ्लॅट : काळी पाच, पांढरी दोन, पांढरी चार. कोमल ग, प, कोमल नी.
तिसरी डी मायनर : पांढरी दोन, पांढरी चार, पांढरी सहा. प, कोमल नी, वरचा रे.
चौथी एफ : पांढरी चार, पांढरी सहा, त्यावरची पांढरी एक. कोमल नी, रे, म.

सगळ्या चालीत काळी पट्टी एकच. पहिलीकडून दुसरीकडे जाताना तीनपैकी दोन बोटं त्याच सुरांवर राहतात. दुसरीकडून तिसरीकडे जाताना पुन्हा दोन, तिसरीकडून चौथीकडे पुन्हा दोन. प्रत्येक वेळी खालचा एक सूर सुटतो आणि वर एक नवा जोडला जातो, जिना चढल्यासारखा. पण चौथीकडून परत पहिलीकडे येताना एकही सूर सामाईक नाही. कोमल नी सा होतो, रे कोमल ग होतो, म प होतो. तिन्ही सूर एकदम एक पायरी सरकतात. तीन वेळा हळुवार आणि चौथ्यांदा सगळा हात उचलून. दर फेरीला जो ‘आलं परत’ असा हलकासा झटका बसतो, तो इथला.

आणखी एक बारकावा. सा पक्का बंद करायचा तर पाश्चात्त्य रीतीत शुद्ध निषाद लागतो, तो षड्जाकडे ओढून नेतो. इथे तिसरी कॉर्ड मायनर ठेवल्यामुळे निषाद कोमलच राहतो. ओढ नाही, म्हणून पूर्णविरामही नाही. प्रश्न विचारणाऱ्या गाण्याखाली कुठेच न थांबणारी चाल ठेवलेली आहे, हे मला शब्दांपेक्षा जास्त आवडतं. शिवाय या चार कॉर्डमध्ये धैवत येतच नाही, कोमलही नाही आणि शुद्धही नाही. त्यामुळे रिमिक्स करणाऱ्याला वाट मोकळी राहते. कोमल ध मिसळून आसावरीचं दुःख आणा, नाहीतर शुद्ध ध घालून काफीचा मोकळेपणा, खालचा पाया दोन्हीला चालतो.

वेग मिनिटाला १२४ ठोके. एक ठोका ०.४८४ सेकंदांचा, चार कॉर्डची एक फेरी पावणेआठ सेकंदांची. कंटाळा यायच्या आत फेरी संपते, आणि लक्षात राहण्याइतकी लांबही आहे.

शब्दांवरचा तुमचा राग मला कळतो. कविता म्हणून ते वाचूच नयेत. कडव्यांमध्ये भरताड आहे, यात वाद नाही. पण ध्रुवपद मोजा : सगळे मिळून नऊच वेगळे इंग्रजी शब्द, आणि ‘बेबी’ सोडला तर प्रत्येक शब्द एका अक्षराच्या उच्चाराचा. इंग्रजी न येणाऱ्या माणसालाही ते एका ऐकण्यात म्हणता येतं. जर्मनी, इटली, स्वीडन, पोलंड एवढा बाजार गाठायचा असताना हा निव्वळ योगायोग नसतो. आणि गाणं सुरू होतं तेच या ध्रुवपदाने. ताल नंतर येतो, त्यामुळे गर्दीला ओळख आधी पटते आणि पाय नंतर हलतात.

आता भाच्याच्या रिमिक्सकडे. तुम्ही दिलेल्या वर्णनावरून दोष बहुधा तीन ठिकाणी आहे.

पहिला, बेस, म्हणजे सगळ्यात खालचा जाड सूर, गायब होण्याचा. खालचा जी ४९ हर्ट्झवर आहे, बी फ्लॅट ५८वर. डी घेताना त्याने वर न जाता खाली उडी मारली असेल तर तो ३७ हर्ट्झवर जातो आणि त्यामागचा एफ ४४वर. छोट्या ब्लूटूथ स्पीकरची तिथपर्यंत पोहोचच नसते. म्हणून दोन कॉर्ड भरीव आणि पुढच्या दोन पोकळ लागतात. हेडफोनवर हा दोष लपतो, आणि लॅपटॉपवर काम करणारी मुलं हेडफोनच लावून बसतात. डी ७३वर ठेवायचा, एफ ८७वर. शिवाय तोच बेस एक सप्तक वर, म्हणजे ९८पासून, हलक्या आवाजात जोडून द्यायचा. लहान स्पीकरवर कान त्या वरच्या सुरांवरूनच खालचा सूर ओळखतो.

दुसरा, ‘बसत नाही’ हा. तयार आवाजांच्या पॅकमधल्या किकची (मोठ्या ड्रमच्या ठोक्याची) शेपटी बऱ्याचदा लांब असते आणि तिला स्वतःचा सूर असतो. समजा तो ए आहे, ५५ हर्ट्झ. त्याखाली जी वाजला, ४९ हर्ट्झ, की दोघांत सेकंदाला ६ वेळा लाटा उठतात. ऐकताना ते घोगरं, गढूळ लागतं, पण बोट कुठे ठेवावं ते कळत नाही. दोन उपाय आहेत. किकचा सूर जीवर आणा, किंवा शेपटी १५० मिलिसेकंदांच्या आसपास कापा. दोन ठोक्यांच्या बरोबर मधली जागा २४२ मिलिसेकंदांवर येते. तिथे बेस सुरू केला की दोघांची गाठच पडत नाही. साइडचेन (किक वाजताच बेस दाबणारी सोय) लावायचीच असेल तर रिलीज, म्हणजे दाब सुटायला लागणारा वेळ, २०० मिलिसेकंदांच्या आत ठेवा. त्याहून लांब झाली तर मधल्या जागेतला बेस उठायच्या आतच दाबला जातो.

तिसरा दोष मी अंदाजाने सांगतो, फाइल न ऐकता. अर्ध्या तासात चाल बसवली म्हणजे कॉर्ड सॉफ्टवेअरच्या सूचनेने घेतल्या असण्याची शक्यता आहे. अशी मदत पुष्कळदा तिसरी कॉर्ड डी मेजर सुचवते, म्हणजे पांढरी चारच्या जागी काळी तीन, आपला शुद्ध निषाद. व्याकरण बिनचूक, पण फेरी मध्येच दार बंद केल्यासारखी संपते. शिवाय मूळ आवाज वर ठेवला असेल तर त्यातला कोमल नी आणि खालचा शुद्ध नी एकमेकांना घासतात. ती एक पट्टी बदलून बघा म्हणावं.

गाणी वाजवणाऱ्या डीजेंसाठी एक पुरवणी, कारण हा प्रश्न दुसऱ्या दोघांनीही विचारला होता. आजच्या मिनिटाला १२८ ठोक्यांच्या गाण्याला हे जोडायचं तर वेग ३.२ टक्के वाढवावा लागतो. की-लॉक (वेग बदलला तरी सूर न बदलू देणारी सोय) बंद असेल तर त्याने सूर साधारण अर्ध्या सेमीटोनने चढतो, म्हणजे ना जी ना जी शार्प, आणि पुढच्या गाण्याच्या आवाजाशी बेसूर लागतो. की-लॉक चालू ठेवा, एवढ्या फरकाने आवाज फाटत नाही. १००पर्यंत खाली खेचलंत तर मात्र किकची कड भुसभुशीत होते, तेव्हा वेगळा किक वरून घाला. कॅमेलॉट चक्रावर (एकमेकांशी जुळणाऱ्या स्वरपट्ट्या शेजारी मांडणारा डीजेंचा तक्ता) हे ६ए, शेजारी ५ए, ७ए आणि ६बी. मिसळायची जागा सुरुवातीचीच, जिथे अजून ताल नाही. आधीच्या गाण्याचा बेस तिथे पूर्ण कापा आणि किक आल्यावरच पुढचा बेस उघडा. दोन बेस एका फेरीपुरतेही एकत्र वाजू देऊ नका.

भाच्याची सुधारलेली फाइल पाठवलीत तर नक्की ऐकेन. एमपी३ नको, वेव्ह पाठवा, आणि त्याआधी एकदा फोनच्या स्पीकरवर तिसरी-चौथी कॉर्ड तपासून घ्यायला सांगा.