'पोट भरलेल्यांचे चोचले' म्हणणाऱ्या वाचकास उत्तर

मागच्या लेखात मी लिहिलं होतं की दिवसच्या दिवस वाया जातात त्याला आळस फार क्वचित कारण असतो. बहुतेकदा नेमकं कुठे जायचंय हेच ठरलेलं नसतं. त्यावर 'एक सोलापूरकर' या नावाने प्रतिक्रिया आली आहे. तिचा गाभा असा: "दिशाबिशा हे पोट भरलेल्यांचे चोचले आहेत. मागावर बारा तास उभा राहणारा माणूस आयुष्याची दिशा शोधत बसत नाही, तरी त्याचं काम होतंच ना? एसीत बसून ज्ञान पाजळू नका." शिवाय लेख लांबला, पहाटे पाचला उठायचा सल्ला फालतू आहे, इंग्रजी शब्द फार आहेत, अशी किरकोळ यादी.

आधी एसी. मालक, माझ्या घरात एसी आहे हे तुम्हाला कुणी सांगितलं? आणि असला तरी सोलापूरच्या मे महिन्यात तो गुन्हा कधीपासून झाला? टीका करा, जरूर करा. पण टोपणनावाआडून 'पाजळू नका' म्हणणं सोपं असतं. सात रस्ता चौकात चहा घेत समोरासमोर बसलो असतो तर हेच शब्द तुमच्या तोंडून निघाले असते का, याची मला शंका आहे.

आता मागाबद्दल. आमच्या घरात दोन पिढ्यांनी सोलापूरच्या साखर पेठेत माग चालवला, त्यामुळे यंत्रमाग कामगाराचं नाव घेऊन मला गप्प करता येणार नाही. उलट तुमच्या उदाहरणाने माझंच काम सोपं केलंय.

जकार्डच्या, म्हणजे नक्षी विणणाऱ्या, मागापुढे विणकर उभा राहतो, त्याच्या आधी काय काय ठरून गेलेलं असतं ते बघा. ऑर्डर आलेली असते, रंग ठरलेले असतात. वार्पिंग होऊन बीम, म्हणजे ताण्याचे उभे धागे गुंडाळलेला रूळ, चढलेला असतो, म्हणजे ताण्यात धागे किती आणि पन्हा किती हा विषय संपलेला. वर पुठ्ठ्याच्या पत्त्यांची माळ टांगलेली. एक पत्ता म्हणजे बाण्याच्या, आडव्या धाग्याच्या, एका फेऱ्याची आज्ञा. भोक असेल तिथे सुई आत शिरते, तिचा हूक जागेवर राहतो आणि ताण्याचा धागा वर उचलला जातो. भोक नसेल तिथे पत्ता सुईला मागे ढकलतो, हूक बाजूला होतो आणि धागा खालीच राहतो. चादरीवरच्या मोराची मान कुठे वळायची हे विणकराला ठरवावं लागत नाही. त्याचं सगळं लक्ष धागा कुठे तुटला, बाण्याच्या धाग्याची कांडी कधी संपली, इकडे. तो दिशा शोधत बसत नाही कारण ती पत्त्यांत आधीच ठोकून ठेवलेली असते. (आता काही ठिकाणी इलेक्ट्रॉनिक जकार्ड आलेत; तिथे पत्त्यांऐवजी फाइल, एवढाच फरक.)

आणि पत्ते चुकीच्या क्रमाने ओवले तर? माग तेवढाच खडखडतो, माणूस तेवढाच घामाघूम होतो, कापडही तेवढंच निघतं. फक्त नक्षी बिघडते आणि माल सेकंडमध्ये, म्हणजे सदोष मालात, जातो. तिथे विणकराला 'आळशी' म्हणणारा मालक मूर्ख ठरेल.

माझा लेख ज्यांचं काम पत्त्यांवर येत नाही त्यांच्यासाठी होता. अभ्यासिकेत सकाळपासून रात्रीपर्यंत बसणारी मुलं घ्या. राज्यसेवेचा फॉर्म भरलाय, बँकेचाही भरलाय, तलाठी निघाली की तोही भरायचाय. राज्यसेवा पूर्वपरीक्षेत सामान्य अध्ययनाचे १०० प्रश्न आणि सीसॅटचे (आकलन-तर्काच्या पेपरचे) ८०, दोन्ही पेपर २०० गुणांचे; सीसॅटला ३३ टक्के मिळाले की पुरे, मेरिट पहिल्या पेपरवर. बँकेत मात्र गणित आणि तर्काच्या प्रश्नांचा वेग फार महत्त्वाचा. त्यात २०२५पासून राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली: नऊ पेपर, हाताने उत्तरं लिहायची. तरी पोरगं अजून बहुपर्यायी प्रश्नांचेच संच सोडवतंय, कारण बँकेलाही तेच चालतात. दिवसाचे दहा तास बसूनही काही पुढे सरकत नाही. याला तुम्ही काय म्हणाल, कष्ट कमी पडले?

आणि 'पोट भरलेले' म्हणालात ते तर फारच उलटं आहे. बापाची इस्टेट असलेला पोरगा पाच वर्षं भटकला तरी त्याचं काय जातं? ज्याच्या खोलीभाड्यासाठी घरात आई विड्या वळते, त्याला एक वर्ष चुकीच्या रस्त्यावर घालवणं परवडत नाही. चोचले कुणाचे, ते तुम्हीच बघा.

दिशा शोधायची म्हणजे डोळे मिटून बसायचं, असा तुमचा समज दिसतो. लेखात पद्धत दिली होती, पण तुम्ही तिथवर पोचला नसाल, म्हणून पुन्हा. एक दुपार आणि दोन कागद लागतात. पहिल्यावर 'करायचंय' म्हणून डोक्यात पडलेलं सगळं उतरवा. प्रत्येक ओळीपुढे लिहा: हे झालं, हे तिऱ्हाइताला कशावरून कळेल? 'इंग्रजी सुधारायचं' याला उत्तर नसतं. 'दुकानाचं महिन्याचं जीएसटी रिटर्न एकट्याने तयार करायचं' याला असतं. उत्तर नसलेल्या ओळी खोडा. उरलेल्यांतून एकच घ्या, १२ आठवड्यांसाठी. बाकीच्या दुसऱ्या कागदावर, पुढे तारीख घालून. तोवर त्यांना हात लावायचा नाही. माणसं नेमकी इथे घसरतात. निवडतात, पण सोडत नाहीत. बँकेचा क्लास 'भरलेत पैसे तर जाऊ' म्हणून चालूच राहतो.

मग रोज रात्री दुसऱ्या दिवसाचं पहिलं काम लिहून ठेवायचं, आणि तेही क्रियापदासकट. 'इतिहास' असं लिहिलं की सकाळी पुस्तक चाळण्यात तास जातो. 'समाजसुधारकांवर दोन उत्तरं, प्रत्येकी २५० शब्द, घड्याळ लावून लिहायची' असं लिहिलं की हात चालतो. नेमकं आणि जरा अवघड ध्येय 'जमेल तितकं कर' यापेक्षा जास्त काम करून घेतं, हे एडविन लॉक आणि गॅरी लॅथम या अभ्यासकांनी कित्येक वर्षं तपासून दाखवलंय. चोचले म्हणायचे तर त्यांनाही म्हणा.

रविवारी अर्धा तास आढावा. ठरवलेलं सलग दोन आठवडे झालं नाही तर काम अर्धं करा: दोन उत्तरांऐवजी एक. अर्धं करूनही हात लागत नसेल, तर ते ध्येय बहुधा वडिलांचं किंवा मित्राचं असतं, मग दुसरा कागद उघडा. पण पहिल्या चार आठवड्यांत ध्येय बदलू नका. तिसऱ्या आठवड्याच्या आसपास कंटाळा सगळ्यांनाच येतो आणि तो दिशा चुकल्याचा पुरावा नसतो.

पहाटे पाचचं म्हणाल, तर तिसऱ्या पाळीवाल्याला ते लागू होत नाही, मान्य. जाग आल्यावरची पहिली ९० मिनिटं फोन दुसऱ्या खोलीत ठेवून ठरलेल्या कामाला द्यायची, एवढंच त्यातलं खरं. मग ती दुपारी दोनला सुरू झाली तरी चालतील.

लेखाच्या लांबीबद्दल आणि इंग्रजी शब्दांबद्दल मला काही म्हणायचं नाही. आढाव्याचा तक्ता पुढच्या लेखात टाकतोय. तोही पटला नाही तर खुशाल झोडपा, फक्त या खेपेला शेवटपर्यंत वाचून आणि स्वतःच्या नावाने.