सोडा, ॲसिड आणि डांबरगोळ्यांनी प्लंबिंग नीट होत नाही

सध्या पुण्यातल्या बऱ्याच सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, की या सहा गोष्टी करा आणि घरात प्लंबर कधी लागणारच नाही. चोकअपवर खायचा सोडा आणि व्हिनेगर, दर महिन्याला ॲसिड आणि वरून उकळतं पाणी, वास आला तर डांबरगोळ्या, नळ ठिबकला तर टेफ्लॉन टेप लावून घट्ट आवळायचा, पाणी वाचावं म्हणून फ्लशच्या टाकीत वीट ठेवायची आणि गीझरच्या व्हॉल्व्हमधून पाणी टपकत असेल तर ते तोंड एमसीलने बंद करायचं. हे सगळं लोक खरंच करायला लागलेत आणि त्यातल्या दोन गोष्टी तर जिवावर बेतू शकतात, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

सोडा-व्हिनेगर आधी, कारण ते सगळ्यांना आवडतं. फेस दिसतो म्हणून वाटतं आत काहीतरी सुटतंय. पण सोडा अल्कली, व्हिनेगर आम्ल, दोघं एकमेकांना मारून टाकतात आणि उरतं काय, तर पाणी, थोडंसं मीठासारखं सोडियम ॲसिटेट आणि उडून जाणारा कार्बन डायऑक्साइड. याने केस विरघळत नाहीत, तुपाचा थर निघत नाही, आणि गॅसच्या जोराने ढकललं जाईल म्हणावं तर वरचं तोंड उघडंच असतं, गॅस तिथून निघून जातो. नुकसान काही नाही, उपयोगही नाही. बेसिनखाली जो बाटलीसारखा भाग असतो ना, बॉटल ट्रॅप, त्याच्याखाली बादली ठेवा आणि हाताने फिरवून उघडा, नव्वद टक्के वेळा वगैरे असं मी म्हणणार नाही पण बहुतेकदा चोकअप तिथेच सापडतो. केसांचा गुंता, पेस्टची झाकणं, सुपारीचे तुकडे. धुवा, आतला वॉशर परत नीट बसवा, झालं. बाथरूममध्ये नहाणी ट्रॅपची, म्हणजे फरशीतून पाणी जातं तिथली, जाळी उचलून हातमोजा घालून केस काढा, तिथे रबरी पंपही चांगला चालतो.

आता ॲसिड, इथे जरा थांबतो. दुकानात बाटलीत मिळतं ते हायड्रोक्लोरिक ॲसिड. ते केसांवर आणि तेलावर फारसं काही करत नाही, पण सिमेंटवर नक्की करतं. फरशीच्या सांध्यातलं सिमेंट दर महिन्याला थोडं थोडं खाल्लं जातं, सांधे पोकळ होतात, पाणी स्लॅबमध्ये उतरतं आणि खालच्या फ्लॅटच्या छताला ओल येते, मग वर्षभर दोन घरांचं भांडण आणि बाथरूम फोडून वॉटरप्रूफिंग. नळांचं क्रोम काळं पडतं, स्टीलच्या जाळ्या गंजतात, मार्बल असेल तर ते गेलंच. त्यात कोणी आदल्या दिवशी ब्लीचिंग पावडर टाकलेली असेल तर क्लोरीन वायू तयार होतो, बंद बाथरूममध्ये तो फुप्फुसांना इजा करतो. आणि एक गोष्ट कोणी बोलत नाही, चोकअप सुटला नाही की शेवटी प्लंबरच येतो आणि ट्रॅप उघडतो, तेव्हा आत साठलेलं ॲसिड त्याच्या हातावर आणि तोंडावर येतं. काही ओतलं असेल तर त्याला दारातच सांगा, कृपा करून.

उकळत्या पाण्याचंही तसंच. सांडपाण्याचे पाईप बहुतेक ठिकाणी पीव्हीसीचे असतात, ते साधारण ८० अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतात. कधीतरी भाताची पेज गेली म्हणून काही होत नाही, पण दर महिन्याला पातेलंभर खळखळतं पाणी ओतायचं म्हणजे जॉइंटची परीक्षाच. शिवाय दिवाळीत फराळाचं तेल-तूप सिंकमध्ये गेलेलं असतं ते गरम पाण्याने वितळून पुढे डक्टमधल्या कॉमन पाईपपर्यंत जातं आणि तिथे थंड होऊन परत थिजतं, त्रास मग खालच्या मजल्यावरच्यांना. भांडी घासायच्या आधी तेलकट कढई जुन्या पेपरने पुसून घेतली तर हे सगळं टळतं.

डांबरगोळ्या. नहाणीतून वास येतो त्याचं सगळ्यात साधं कारण म्हणजे ट्रॅपमधलं पाणी वाळलेलं असतं. ट्रॅपमध्ये साधारण ५० मिलिमीटर पाणी कायम उभं असतं, तेच गटारातला वायू आणि झुरळं अडवतं. मे महिन्यात गावाला जाऊन आलो, गेस्ट बाथरूम वापरलंच नाही, की ते वाळतं. एक-दोन मग पाणी टाका, वास थांबतो. तरी आला तर ट्रॅप फुटलाय किंवा मुळात नीट बसवलेलाच नाही, ते बघून घ्या. गोळ्या वासावर वास चढवतात फक्त, आणि लहान मुलं त्या तोंडात घालतात हा धोका वेगळाच.

नळाच्या तोंडातून ठिबकत असेल तर टेफ्लॉनचा संबंधच नाही, टेप आट्यांवर लावायचा असतो, म्हणजे जोडातून गळत असेल तेव्हा. जुन्या नळात वॉशर झिजतो, क्वार्टर टर्न (पाव फेऱ्यात उघडणाऱ्या) नळात सिरॅमिक डिस्कचं काट्रिज, म्हणजे पाणी चालू-बंद करणारा आतला भाग, खराब होतं, जोरात आवळलं की ते आणखी लवकर जातं. पुण्यात बऱ्याचदा गुरुवारी पाणी बंद असतं आणि शुक्रवारी लाईन चालू होते तेव्हा गढूळ पाणी आणि गाळ येतो, तोच गाळ काट्रिजमध्ये आणि नळाच्या जाळीत अडकतो. ज्यांच्याकडे थेट लाईनचं पाणी येतं त्यांनी शुक्रवारी आधी एखाद्या साध्या नळातून पाणी सोडून द्यावं, स्वच्छ आलं की मग वॉशिंग मशीन आणि आरओ. जाळ्या काढून धुवा, पाच मिनिटांचं काम आहे.

वीट अजिबात नको, पाण्यात तिचा भुगा होतो आणि कण फ्लशच्या सीलखाली अडकून टाकी दिवसरात्र गळत राहते. टाकी गळतेय का बघायचं तर त्यात खायच्या रंगाचे थेंब टाका, अर्धा तास फ्लश करू नका, कमोडमध्ये रंग उतरला तर सील बदला.

शेवटी गीझर. पाणी तापलं की फुगतं, आणि ते जादा प्रेशर बाहेर सोडायलाच तो सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. गीझर चालू असताना थोडे थेंब पडणं हे त्याचं कामच आहे. तोंड बंद केलं आणि त्यात थर्मोस्टॅटही बिघडला तर टाकी फुटू शकते, हे मी घाबरवायला सांगत नाहीये. थंड असतानाही सतत वाहत असेल तर दोन शक्यता, सोसायटीच्या पंपाचं प्रेशर जास्त आहे किंवा बोअर-टँकरच्या जड पाण्याचा क्षार व्हॉल्व्हमध्ये बसलाय. प्रेशरसाठी इनलेटला प्रेशर कमी करणारा व्हॉल्व्ह लावतात, क्षारासाठी व्हॉल्व्ह बदलतात. ज्यांनी मेसेज वाचून आधीच एमसील लावलंय त्यांनी गीझरचं बटण आत्ता बंद करा, पूर्ण गार होऊ द्या, स्वतः खरवडायला जाऊ नका आणि प्लंबर येऊन व्हॉल्व्ह बदलेपर्यंत पाणी गॅसवर तापवा. घरी आई-वडील एकटे राहत असतील तर त्यांना फोन करून विचारा की त्यांनी हे केलंय का.