स्वस्त तिकीट ओळखायचं तर नेहमीचं भाडं पाठ पाहिजे

कोथिंबिरीची जुडी आज दहाला आहे की तीसला, हे मंडईत पाऊल टाकताच कळतं, कारण कालचा भाव डोक्यात असतो. विमानाच्या तिकिटाचं तसं होत नाही. जुलैतल्या एखाद्या मंगळवारी पुणे–दिल्लीला साधारण किती पडतात असं विचारलं, तर दर दोन महिन्यांनी जाणारा माणूसही अडखळतो. मग 'महासेल' दिसला की बोट थेट पेमेंटवर जातं, आणि खरोखर उतरलेलं भाडं समोर येऊनही ओळखू येत नाही. माझं ठाम मत आहे की स्वस्त तिकीट मिळवण्यात निम्मं काम शोधण्याचं आणि निम्मं लक्षात ठेवण्याचं असतं. हे दुसरं निम्मं जवळजवळ कोणीच करत नाही.

त्यासाठी एक वही पुरते, किंवा फोनमधली एक्सेल शीट. आपण खरोखर जातो असे तीनच मार्ग निवडा. उगाच पंधरा मार्गांचा पसारा मांडलात तर तिसऱ्या रविवारी वही बंद पडेल. दर रविवारी प्रत्येक मार्गासाठी 15, 30 आणि 60 दिवसांनंतरचं भाडं बघायचं आणि एकेका ओळीत लिहायचं. उदाहरणादाखल एक ओळ: 'पाहिलं 5 जुलै, रविवार. प्रवास 4 ऑगस्ट, मंगळवार. 30 दिवस आधी. पुणे–नागपूर, सकाळचं विमान. 15 किलो बॅग धरून एकूण 3,870.' शेवटी एक रकाना 'विशेष' म्हणून ठेवा. त्यात लाँग वीकेंड, दिवाळी, लग्नाची दाट तिथी, शाळेच्या परीक्षा असं काय असेल ते टाका. बारा आठवड्यांत एका मार्गाच्या 36 नोंदी होतात. त्या लहान रकमेपासून मोठीकडे लावल्या की सगळ्यात लहान रकमेपासून मोजत येणारी नववी रक्कम हा तुमचा 'घ्या' भाव. त्याच्या खाली काही दिसलं तर फार विचार करत बसू नये.

नोंद नेहमी एकूण रकमेची करा. नुसतं बेस फेअर, म्हणजे मूळ भाडं, लिहून काहीच कळत नाही. तिकिटात बेस फेअर, इंधनाचा अधिभार, विमानतळाची युजर डेव्हलपमेंट फी, सुरक्षा शुल्क आणि इकॉनॉमीला 5 टक्के जीएसटी असं सगळं एकत्र असतं. सेलमध्ये उतरतो तो मुख्यतः बेस. एप्रिल 2014 मध्ये स्पाइसजेटने 1 रुपया बेस फेअरची जाहिरात केली होती आणि विमान वाहतुकीवर नियंत्रण ठेवणाऱ्या डीजीसीए या सरकारी संस्थेने ती थांबवायला लावली. त्या एका रुपयावर कर आणि शुल्कं चढत होतीच.

जुन्या नोंदींबद्दल एक इशारा. 25 मे 2020 ते 31 ऑगस्ट 2022 या काळात सरकारने देशांतर्गत भाड्याला खालची आणि वरची अशा दोन्ही मर्यादा घातल्या होत्या, त्यामुळे त्या वर्षांचे आकडे तुलनेला घेऊ नका. डिसेंबर 2025 मध्ये इंडिगोची उड्डाणं मोठ्या प्रमाणावर रद्द झाली, तेव्हा पुन्हा कमाल मर्यादा आली: 500 किलोमीटरपर्यंत 7,500 रुपये, 500 ते 1,000 किलोमीटरला 12,000. तो काळही वहीत वेगळ्या खुणेने लिहावा. शिवाय जेट 2019 मध्ये बंद पडली, गो फर्स्ट मे 2023 मध्ये थांबली, विस्तारा नोव्हेंबर 2024 मध्ये एअर इंडियात विलीन झाली. मार्गावरच्या कंपन्या कमी झाल्या की तळाचं भाडं वर सरकतं. म्हणून दोन वर्षांपूर्वीची वही कोणत्या आठवड्यात गर्दी असते ते सांगेल, पण तिच्यातल्या रकमा आज धरून चालू नयेत.

आता भाडं हलतं कसं ते. ए320 जातीच्या विमानात साधारण 180 ते 186 खुर्च्या असतात, पण त्या एकाच दराने विकल्या जात नाहीत. एकाच इकॉनॉमीत दरांचे बरेच कप्पे केलेले असतात, त्यांना बकेट म्हणतात. सगळ्यात खालच्या कप्प्यात थोड्या खुर्च्या असतात. त्या संपल्या की साइट पुढच्या कप्प्याचा दर दाखवते. कोणी तिकीट रद्द केलं किंवा कंपनीने कप्पे नव्याने मांडले की खालचा दर परत उघडतो. सकाळी 3,400 आणि दुपारी 3,950 दिसण्यामागे बहुतेक वेळा एवढंच असतं. ब्राउझर इनकॉग्निटोत उघडल्याने भाडं उतरतं, मंगळवारी मध्यरात्री तिकीट स्वस्त मिळतं, या गोष्टींवर वेळ घालवू नये.

कप्प्यांचा खरा फटका कुटुंबाला बसतो. समजा 3,400 च्या कप्प्यात दोनच खुर्च्या उरल्या आहेत आणि तुम्ही चार प्रवासी टाकून शोधलंत. चौघांना एका कप्प्यात बसवता येत नाही, म्हणून चारही तिकिटं वरच्या 3,950 च्या दराने दाखवली जातात: 15,800 रुपये. तेच आधी एक प्रवासी टाकून बघा, मग दोन, मग तीन. ज्या आकड्यावर माणशी दर उडी मारतो तिथे कप्पा संपला. दोन-दोनची दोन बुकिंग केली तर 6,800 अधिक 7,900, म्हणजे 14,700. शोधायला तीन मिनिटं जास्त गेली आणि 1,100 रुपये वाचले. पण दोन पीएनआर झाल्यामुळे एका बुकिंगची वेळ बदलली आणि दुसऱ्याची तशीच राहिली असं होऊ शकतं, म्हणून प्रत्येक पीएनआरवर एक मोठा माणूस ठेवा. लहान मुलांना एका बुकिंगमध्ये आणि आईबाबांना दुसऱ्यात टाकू नका.

शोधण्यासाठी गूगल फ्लाइट्स आणि स्कायस्कॅनर हे दोनच पुरेत. गूगलवर तारखांचं कोष्टक उघडलं की जाण्याच्या आणि येण्याच्या तारखांच्या जोड्यांचे दर एकत्र दिसतात. तारीख एक दिवस मागेपुढे केल्याने काय होतं ते तिथेच कळतं. भाव बदलल्याची सूचना तिथेच लावून ठेवता येते. स्कायस्कॅनरवर तारखेऐवजी अख्खा महिना निवडता येतो. खरेदी मात्र शक्यतो विमान कंपनीच्या स्वतःच्या साइटवर करा. त्रयस्थ साइटवर दिसणारा दर कधी कधी साठवलेला, शिळा असतो आणि पेमेंटच्या पानावर वाढतो. त्यात कन्व्हीनियन्स फी बहुधा माणशी आणि प्रत्येक फेरीला लागते. बँकेच्या कार्डाची सूट ही फी वजा करूनच मोजा, मग पुष्कळदा फरक शंभर-दोनशेवर येतो.

थेट खरेदीचा सगळ्यात मोठा फायदा डीजीसीएच्या नियमातून मिळतो. देशांतर्गत प्रवासाच्या किमान 7 दिवस आधी कंपनीच्या साइटवरून काढलेलं तिकीट 48 तासांच्या आत रद्द केलं किंवा बदललं तर दंड लागत नाही. बदल केल्यास भाड्यातला फरक तेवढा भरायचा. कन्व्हीनियन्स फी परत मिळत नाही, हे धरून चाला. पण ऑफिसात रजा विचारून, घरी सासूबाईंची सोय बघून संध्याकाळी तिकीट काढू म्हणेपर्यंत खालचा कप्पा गेलेला असतो. वहीतल्या 'घ्या' भावाखाली दर दिसला तर आधी तिकीट काढावं आणि रजा त्या 48 तासांत विचारावी.

पुण्याची गर्दी ओळखीची आहे. बेंगळुरू आणि हैदराबादच्या मार्गांवर शुक्रवार संध्याकाळ आणि सोमवार पहाट महाग, मंगळवार-बुधवारची दुपार आणि शनिवारची दुपार उतरलेली. दिवाळीला नागपूरकडे वसुबारसेच्या आदल्या दिवसापासून जाणारी विमानं चढतात आणि भाऊबीजेनंतरच्या रविवारी पुण्याकडे येणारी. त्या वेळी उलट दिशेची तिकिटं स्वस्त असतात. त्यामुळे नागपूरच्या आईवडिलांनीच दिवाळीला पुण्यात यावं, हा हिशोबाचा मार्ग आहे. पाटणा, लखनौ, कोलकाता या बाजूला दुर्गापूजा ते छठ या काळात अपेक्षाच ठेवू नका. अनंत चतुर्दशीनंतर नवरात्रापर्यंतचा पंधरवडा मात्र देशांतर्गत प्रवासाला मंदीचा. ज्यांना पितृपक्षात प्रवासाचं वावडं नाही त्यांनी तो धरावा. जानेवारीच्या मध्यापासून मार्चपर्यंतचे आठवडेही पुष्कळदा बरे असतात, कारण मुलं परीक्षांत अडकलेली असतात.

विमानतळाच्या बाबतीत 'मुंबईहून स्वस्त पडतं' हे वाक्य मोजून बोलावं. लोहगावचा विमानतळ हवाई दलाचा आहे, त्यामुळे स्लॉट मोजके आणि थेट परदेशी उड्डाणं थोडी. परदेशी जाताना पुण्याचं पीएनक्यू, मुंबईचं बीओएम आणि 25 डिसेंबर 2025 पासून सुरू झालेलं नवी मुंबईचं एनएमआय हे तिन्ही कोड वेगवेगळे शोधा. समजा बँकॉकचं येऊन-जाऊन भाडं पुण्याहून 19,500 आणि मुंबईहून 15,000 आहे. माणशी 4,500 चा फरक. टॅक्सी जायला 3,500 आणि यायला 3,500 धरली तर एकट्या माणसाला अडीच हजारांचा तोटा, चौघांच्या कुटुंबाला 11,000 रुपयांचा फायदा. एकट्याने शिवनेरीने जावं, मग गणित बदलतं. वेळेचंही मोजा. आंतरराष्ट्रीय विमानाला तीन तास आधी पोहोचायचं, मुंबईत सहारच्या टर्मिनलला जायला चार तास, आणि शुक्रवारी संध्याकाळी किंवा शनिवारी सकाळी बोरघाटासाठी वर दीड तास राखीव. घाटात अडकून चुकलेलं विमान हे सगळ्यात महाग तिकीट.

गोव्याचंही तसंच. जानेवारी 2023 पासून मोपा सुरू आहे आणि दाबोळीही चालू आहे. मुक्काम दक्षिण गोव्यात काणकोण किंवा पाळोळेला असेल तर उत्तरेकडच्या मोपाचं 700 रुपयांनी स्वस्त तिकीट टॅक्सीत दुप्पट खर्चायला लावतं. पुण्यातही मध्यरात्रीची विमानं स्वस्त दिसतात, पण रामवाडीपर्यंतची मेट्रो तेव्हा बंद असते आणि कोथरूड किंवा सिंहगड रोडपर्यंतची रात्रीची कॅब वाचलेले पैसे खाऊन टाकते. वहीतल्या रकमेत हे घर ते विमानतळ धरलेलं असावं. बॅगही धरा. काही कंपन्यांच्या सगळ्यात स्वस्त दरात चेक-इन बॅग नसते, फक्त 7 किलोची हातातली बॅग असते. विमानतळावर काउंटरला बॅग वाढवली तर आधी ऑनलाइन घेण्यापेक्षा बरंच जास्त द्यावं लागतं.

स्वस्तात पडतं म्हणून दोन वेगळ्या कंपन्यांची दोन वेगळी तिकिटं जोडणाऱ्यांनी सांभाळावं. पुणे–दिल्ली एका पीएनआरवर आणि दिल्ली–युरोप दुसऱ्यावर असेल, तर पहिलं विमान उशिरा आल्याबद्दल दुसरी कंपनी काहीही देणं लागत नाही. बॅग घेऊन परत चेक-इन करायचं, म्हणजे मध्ये किमान सहा तास हवेत, हिवाळ्यात दिल्लीच्या धुक्यात एक रात्र हवी. आणखी एक चूक वारंवार होते: येण्या-जाण्याच्या एकाच तिकिटावर पहिली फेरी सोडली तर पुढच्या सगळ्या फेऱ्या रद्द होतात.

चुकून पडलेली भाडी, म्हणजे एरर फेअर, हा वेगळाच प्रकार. चलन बदलताना चूक, दशांश चिन्ह सरकणं, किंवा वायक्यू नावाचा इंधन अधिभार भरायचा राहून जाणं, ही नेहमीची कारणं. 2019 च्या नववर्षाला कॅथे पॅसिफिकने व्हिएतनाम–न्यूयॉर्कची बिझनेस आणि फर्स्ट क्लासची तिकिटं हजार डॉलरच्या आत विकली आणि ती पाळली. फेब्रुवारी 2015 मध्ये डॅनिश क्रोनरच्या चुकीमुळे पडलेली तिकिटं युनायटेडने रद्द केली. दोन्ही होऊ शकतं, म्हणून असं तिकीट मिळालं तर कंपनीला फोन करून विचारू नका, आणि दोन आठवडे हॉटेल, व्हिसा, रजा यांवर परत न मिळणारा एकही रुपया टाकू नका. फुल सर्व्हिस, म्हणजे जेवण आणि बॅग भाड्यातच धरणाऱ्या कंपनीच्या तिकिटावर 13 आकडी ई-तिकीट क्रमांक आला का ते बघा. तिथे नुसता पीएनआर म्हणजे अजून तिकीट नाही.

आणि रद्द करावं लागलंच, तर 'नॉन रिफंडेबल' वाचून सोडून देऊ नका. रद्द करण्याचं शुल्क बेस फेअर अधिक इंधन अधिभार यांच्यापेक्षा जास्त घेता येत नाही. युजर डेव्हलपमेंट फीसारखी शुल्कं आणि कर परत द्यावे लागतात, प्रमोशनल तिकिटावरही. विमान चुकलं तरी ही रक्कम मागा. तिकिटाचा तपशील दाखवणाऱ्या पानाचा स्क्रीनशॉट खरेदीच्या दिवशीच वहीसोबत ठेवा. कंपनीने दाद दिली नाही तर सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर तो जोडून तक्रार करता येते.

तुमच्यापैकी कोणाकडे पुणे–नागपूर, पुणे–कोची किंवा पुणे–वाराणसीच्या गेल्या वर्षभरातल्या नोंदी असतील तर जरूर टाका: कधी पाहिलं, प्रवास कधी, किती दिवस आधी, बॅगेसह एकूण किती.