गोव्यात गोल्डन रिट्रीव्हर आणण्याआधी

हल्ली फोंडा-मडगावच्या फ्लॅटांमध्ये गोल्डन रिट्रीव्हर सर्रास दिसतो. देखणा आहे, पोरांत रमतो, म्हणून पिल्लू आणतात. पुढे तोच कुत्रा दिवसभर बाल्कनीत साखळीला बांधलेला दिसला की माझा जीव तुटतो.

ही जात स्कॉटलंडची. लॉर्ड ट्वीडमाउथ यांनी १८६८ मध्ये आपल्या पिवळ्या रिट्रीव्हरची ट्वीड वॉटर स्पॅनियल मादीशी जोडी लावली, तिथून ती घडत गेली. काम एकच: शिकारीत पाण्यात, झुडपात पडलेला पक्षी शोधायचा आणि दात न लावता मालकाच्या हाती द्यायचा.

आमची गोल्डन गौरी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, हॉर्न ऐकला की फाटकाशी हजर. पावांची पिशवी तोंडात धरून थेट स्वयंपाकघरात येते, आईने हात पुढे केल्याशिवाय सोडत नाही. पिशवी लाळेने ओली होते, पण पावावर दाताची खूण नसते. हे रक्तातच आहे. अशा जनावराला रोज उचलायला, आणायला, पोहायला काहीच मिळालं नाही तर ते चपला कुरतडणारच. त्याला वाह्यात म्हणू नका.

आता हवामान. अंगावर केसांचे दोन थर, वर लांब केस आणि खाली दाट लोकर. कुत्रा अंग थंड करतो ते मुख्यतः धापा टाकून, जिभेवरची ओल सुकवून. आपल्या दमट हवेत ती ओल लवकर सुकतच नाही. म्हणून एप्रिल-मेमध्ये फिरणं उजाडण्याआधी किंवा अंधार पडल्यावरच. केस भादरणं मला अजिबात पटत नाही. कातडी उन्हाला उघडी पडते आणि केस पुन्हा पूर्वीसारखे येतीलच असं नाही. त्यापेक्षा रोज विंचरा. पावसात आतली लोकर ओली राहिली की कातडीला चट्टे पडतात, कान आतून चिघळतात. फॅनखाली मुळापर्यंत सुकवा. मिरामारला समुद्रात सोडलंत तर घरी येऊन गोड्या पाण्याने धुवा. कुळागरात, म्हणजे माड-पोफळीच्या बागेत, फिरवलंत तर बोटांच्या बेचक्यांत गोचीड शोधा, तिच्यातून ताप येतो.

आणि राखणीसाठी हा कुत्रा आणूच नका, तो परक्यालाही शेपूट हलवतो. राखण हवी तर गावठी पिल्लू घ्या, ते सावध असतं आणि इथली हवा त्याला मानवते.

गोल्डनच हवा असेल तर पिल्लाच्या आई-बापाच्या खुब्याच्या सांध्यांचे एक्स-रे मागा, खुब्याचा दोष पिढीजात येतो. विकणारा टाळाटाळ करू लागला तर पिल्लू कितीही गोजिरं असो, तिथून घेऊ नका.