शिंगरू

आज गंगापूर रोडला नातेवाइकांकडे वाढदिवस होता. कुणीतरी माझ्या सात वर्षांच्या लेकीला विचारलं, "तुझ्या वाढदिवसाला तुला काय हवं गं?" ती म्हणाली, "गाढव. छोटंसं." सगळा हॉल हसला. एक काका म्हणाले, "अगं, घरी पप्पा आहेत की!" परत हशा. पोरीने माझ्या ओढणीत तोंड खुपसलं, केकला हातही लावला नाही.

संताप झाला. अजून होतोय.

हेच वाक्य मीही ऐकलंय. लहानपणी आम्ही पंचवटीत राहायचो. गंगेवरून, म्हणजे आमच्या गोदावरीवरून, वाळूच्या गोण्या घेऊन गाढवं आमच्या गल्लीतून जायची, मागे एक शिंगरू रेंगाळायचं. मी फ्रॉकमध्ये लपवून त्याला पोळी न्यायचे. घरी मागितलं, तर "घरात एक आहे तेवढं पुरे" म्हणून सगळे हसले. पुढे कितीतरी दिवस गोण्यांची चाहूल लागली की मी आतल्या खोलीत जाऊन बसायचे.

कुत्रा मागितला असता तर याच लोकांनी चार जाती सुचवल्या असत्या. नाशिकच्या उन्हात हस्की पाळतात, ते चालतं! आपल्याच गोदेकाठी पुढे पैठण आहे. तिथल्या नाथांनी रामेश्वरासाठी आणलेलं काशीचं पाणी तहानलेल्या गाढवाला पाजलं. ही गोष्ट पोरांना आपणच सांगतो ना?

बरं, तिसऱ्या मजल्यावर गाढव पाळता येत नाही, मान्य. पण नाही म्हणायचीही रीत असते. रिक्षात मी तिला सांगितलं, ते एकटं राहिलं की झुरतं, त्याला जोडी लागते, आणि ते पंचवीस-तीस वर्षं जगतं. तिने नीट ऐकलं. मग विचारलं, "मग मला रस्त्यावर कधीच का दिसत नाहीत?" काय सांगू? 2012 च्या पशुगणनेत देशात सव्वातीन लाखांच्या आसपास गाढवं होती, 2019 मध्ये सव्वा लाखाच्या आसपास उरली. वाळू-विटा आता ट्रॅक्टर वाहतात. "आणि तुझं शिंगरू?" मला रडू आलं.

रंगपंचमीच्या सुमारास अहिल्यानगर जिल्ह्यातल्या मढीला गाढवांचा बाजार भरतो. तिला नेणार आहे. विकत घ्यायला नाही, तिला त्याच्या कानांना हात लावायचाय.

काका, तुम्ही हे वाचालच. तुम्ही मनाने वाईट नाही, लॉकडाऊनमध्ये आमची भाजी तुम्हीच आणून द्यायचात. रविवारी घरी या. तिच्याशेजारी बसा आणि विचारा, गाढवच का हवंय बाळा? तिच्याकडे उत्तर आहे. मी ऐकलंय.