वाटी वर, औषधाचा डबा खाली

परवा यावलजवळ माहेरी होते. अकरा महिन्यांची भाची ओट्यावर बसलेली, पुढ्यात पितळी वाटी. उचलली, चाटली, खाली टाकली. ठण्ण! मी उचलून दिली, तिनं पुन्हा टाकली. आठ-दहा वेळा झाल्यावर वहिनीनं वाटी फडताळात वर ठेवली आणि पोरीच्या हाती मोबाईल दिला. आजी म्हणाली, "राहू दे वं माय, खेयू दे तिले."

आजीचंच बरोबर होतं. २०१५ साली एमी स्टाल आणि लिसा फायगेनसन या अमेरिकी संशोधकांनी अकरा महिन्यांच्याच बाळांना गंमत दाखवली. काहींना वस्तू भिंतीतून आरपार गेल्यासारखी दिसली, काहींना आधाराविना अधांतरी राहिल्यासारखी. मग तीच वस्तू हातात दिली. पहिल्या बाळांनी ती आपटून पाहिली, दुसऱ्यांनी खाली सोडून पाहिली. ज्याचं कोडं पडलं, त्याचीच परीक्षा! बोलता न येणारं लेकरू!

गोठ्यात करडू आहे. पऱ्हाटीची काडी, दावं, माझ्या ओढणीचं टोक, सगळं तोंडात घालून बघतं. हात नाहीत, तर ओठ आणि जीभच त्याचे हात. त्याला कुणी 'छी छी' म्हणत नाही. कावळ्याच्या कुळातल्या रेव्हन पक्ष्याची पिल्लंही दिसेल त्या नव्या वस्तूला चोच मारतात. खायचं काय नि टाकायचं काय, हे त्यातूनच कळतं. जीवशास्त्रज्ञ बर्न्ड हाइनरिश यांनी हे वर्षानुवर्षं पाहून लिहिलंय. मोठे झालेले रेव्हन मात्र नव्या वस्तूला बिचकतात. म्हणजे शिकायचे दिवस मोजकेच असतात. (आमच्याकडच्या एका अंगणवाडीत खेळणी मोडतील म्हणून कपाटाला कुलूप असतं. पोरं समोर बसून कपाट बघतात. जीव तुटतो हो.)

पोरगी काहीबाही तोंडात घालेल, ही वहिनीची भीती खोटी नाही. सरकी, शेंगदाणा घशात अडकतो, घड्याळाचा चपटा सेल गिळला तर अन्ननलिका भाजते. पण मी घरात नजर फिरवली तर कपाशीवर फवारायच्या औषधाचे डबे ओसरीत खालीच, पोरीच्या हाताशी. आणि वाटी तेवढी वर!

त्याच संध्याकाळी भावानं डबे शेतातल्या खोलीत नेऊन कुलूप लावलं. फडताळाचा खालचा कप्पा आता पोरीचा: गाळणी, लाकडी उलथनं, दाणे काढलेलं मक्याचं कणीस, आणि ती वाटी. वहिनीनंच लावून दिला.