झोपाळ्याच्या कड्या, चार विटा आणि भाच्याची अल्टो

गुरुवारी रात्री साडेदहाला कराडहून भाच्याचा फोन आला. "मामा, रविवारी येताय ना? इंजिन आणि गिअरबॉक्स खाली घेतोय. विटा आणून ठेवल्यात."

विटा कशाला, असं विचारल्यावर त्याने तो मेसेज पाठवला. तुमच्याकडेही आला असेल. महिनाभर तो ग्रूपाग्रूपांतून फिरतोय: 'कोणत्याही कारचं इंजिन आणि गिअरबॉक्स एका दिवसात घरीच उतरवा, घरीच बसवा. १५ हजार वाचवा. गॅरेजवाले हे तुम्हाला कधीच सांगणार नाहीत!' खाली सात मुद्दे, प्रत्येकापुढे हिरवी बरोबरची खूण. लिहिणाऱ्याचं नाव नाही. नाव घालायची हिंमत मलाही झाली नसती.

आधीच सांगतो, मी गॅरेजवाल्यांचा वकील नाही. कोल्हापुरात उद्यमनगरला माझ्या काकांचं गॅरेज होतं. शाळा-कॉलेजच्या सुट्ट्या तिथे हात काळे करण्यात गेल्या, आणि पुढे माझ्या स्वतःच्या मारुती ८०० चं इंजिन मी दोनदा घरी बाहेर काढलंय. हे काम घरी होतं. पण मेसेजने जे जे 'किरकोळ' म्हणून एका ओळीत उरकलंय, सगळं काम त्यातच असतं.

भाच्याची गाडी २००९ ची अल्टो. कुंभार्ली घाटात चढावर इंजिन नुसतं ओरडतं आणि गाडी पुढे सरकत नाही. म्हणजे क्लच प्लेट, इंजिनाचा जोर गिअरबॉक्सला देणारी चकती, घासली. मेसेजचा पहिलाच मुद्दा: 'क्लच बदलायचा तर इंजिन आणि गिअरबॉक्स दोन्ही उतरवावे लागतात.' साफ खोटं. अल्टो, ८००, वॅगनआर यांसारख्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या आडव्या इंजिनाच्या गाड्यांत क्लचसाठी फक्त गिअरबॉक्स खाली घेतात. इंजिन जागेवर राहतं. त्याला वरून आडव्या दांड्याने टांगतात, नाहीतर खालून सम्पला, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या टाकीला, लाकडी ठोकळा लावून जॅकचा आधार देतात. ज्याला एवढंही माहीत नाही तो पुढचे सहा मुद्दे सांगतोय, हे वाचतानाच लक्षात घ्या.

इथे एक गोष्ट मात्र नाइलाजाने कबूल करतो. काही गॅरेजवाले नुसता गिअरबॉक्स उतरवून बिलावर 'इंजिन उतरवणे-चढवणे' लिहितात. मी स्वतः असं बिल भरलंय. त्यामुळे या मेसेजमागचा राग उगीच आलेला नाही. पण राग खरा असला म्हणून पाना कुठे लावायचा ते कळत नाही.

आता दुसरा मुद्दा. हे सगळं मी याच्यासाठीच लिहायला बसलो. 'गाडीच्या जॅकने पुढची बाजू उचला, दोन्हीकडे दोन-दोन विटा लावा, गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा म्हणजे हलणार नाही.'

पहिल्यांदा गिअरचं बघू. गाडी गिअरमध्ये ठेवली की न हलण्याचं कारण काय? चाकं ड्राइव्ह शाफ्टने, म्हणजे चाक फिरवणाऱ्या दांड्याने, गिअरबॉक्सला जोडलेली असतात आणि गिअरबॉक्स इंजिनला. गिअरबॉक्स उतरवायचा तर सगळ्यात आधी ते दोन्ही शाफ्ट बाहेर ओढावे लागतात. ओढले की गिअर पहिला असो नाहीतर पाचवा, चाकांशी त्याचा संबंध संपला. शिवाय पुढची चाकं तोवर हवेतच असतात. जी वस्तू काढायची तिच्याच भरवशावर गाडी उभी ठेवायची, म्हणजे ज्या फांदीवर बसायचं तीच कापायची. धरून ठेवणारा उरतो तो मागच्या चाकांचा हँडब्रेक, आणि पंधरा वर्षांच्या गाडीच्या हँडब्रेकची केबल किती ताणलेली असते ते आपण सगळे जाणतो. मागच्या चाकांना पुढून-मागून लाकडी पाचर हवीच. मेसेजमध्ये पाचरीचा उल्लेख नाही.

आता विटा. अल्टोचं वजन सातशे किलोच्या आसपास, आणि इंजिन पुढे असल्यामुळे निम्म्याहून जास्त भार पुढच्या बाजूला. तो भार गाडीच्या सिलखालच्या, म्हणजे दारांखालच्या पट्टीच्या, पत्र्याच्या उभ्या कडेवरून विटेवर येतो. ती कड करंगळीएवढीही जाड नसते. "अख्खं घर विटांवर उभं राहतं, मामा," असं भाचा म्हणाला. राहतं ना, कारण भिंतीत विटेच्या वर-खाली सिमेंट-वाळूचा थर असतो, भार सगळ्या पृष्ठभागावर पसरतो, आणि भिंतीला कुणी आडवे हिसके देत नाही. इथे बारीक कड विटेच्या मधोमध छिन्नीसारखी बसते. लाकूड मोडायच्या आधी करकरतं, वाकतं, माणसाला सावध करतं. वीट काही सांगत नाही.

आणि हिसके तर द्यावेच लागतात. चाकाला खालून धरणाऱ्या लोअर आर्मचा बॉल जॉइंट पंधरा वर्षं नकलमध्ये, म्हणजे चाक बसतं त्या लोखंडी तुकड्यात, रुतून बसलेला असतो. तो सुटायला हातोड्याचे चार दणके लागतात. शाफ्टचं आतलं टोक गिअरबॉक्समध्ये सर्क्लिपवर, म्हणजे तारेच्या कडीवर, अडकलेलं असतं, ते टॉमी, म्हणजे लोखंडी पहार, घालून उचकटावं लागतं. गाडीखाली झोपून गाडीलाच ढकलायचं-ओढायचं हे काम आहे. वर विटा.

माझ्या म्हणण्यावर विश्वास ठेवू नका, हरकत नाही. गाडीच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात कंपनीने दिलेली पुस्तिका असते. भाच्याची प्लॅस्टिकच्या पिशवीतून कधी बाहेरच आली नव्हती. टायर बदलण्याचं पान काढा. गाडी जॅकवर असताना कधीही तिच्याखाली जाऊ नका, हा इशारा तिथे ठळक चौकटीत असतो. मारुती घ्या, टाटा घ्या, ह्युंदाई घ्या, हा इशारा तुम्हाला सापडेल. गाडीसोबत मिळणारा तो कात्रीसारखा जॅक चाक बदलण्यापुरताच आहे, असं तो बनवणारी कंपनी स्वतः सांगते. गॅरेजवाल्यांनी लपवलेलं गुपित वगैरे काही नाही. तुमच्याच गाडीत, तुमच्याच पैशांत छापून आलेलं आहे.

लागतात ते लोखंडी जॅक स्टँड, ज्यांना गॅरेजात घोडी म्हणतात. किती टनांची आहे ते तिच्यावर लिहिलेलं असतं. सिलवर कंपनीने जिथे खाचा दिल्यात, घोडी तिथेच लावायची. खाली पक्का कोबा हवा. ताईच्या पोर्चमध्ये शहाबादी फरशी आहे आणि तिच्याखाली काय भरलंय कुणालाच माहीत नाही. म्हणून घोडीखाली जाड फळी. गाडी ठेवल्यावर बाहेरूनच दोन्ही हातांनी जोरात हलवून बघायची. पडायचीच असेल तर तेव्हा पडू दे.

तिसरा मुद्दा वाचून आधी हसलो. 'इंजिन उचलायला चेनपुली पोर्चमधल्या झोपाळ्याच्या कड्यांना अडकवा. ज्या कड्या चार माणसं झेलतात त्या इंजिनही झेलतील.' यात अर्धं खरं आहे, तेही सांगतो. ८०० किंवा अल्टोचं तीन सिलिंडरचं, ७९६ सीसीचं इंजिन खरोखर हलकं असतं. काकांच्या गॅरेजात मी ते बांबूला दोर बांधून चौघांनी खांद्यावर नेलेलं पाहिलंय, एकदा त्या बांबूखाली मीही होतो. आणि झोपाळ्याच्या कड्या तुळईच्या सळईला धरून ओतलेल्या असतील तर भक्कमच असतात.

पण हिशोब इंजिनाच्या वजनाचा नाहीच. काकांकडे एकदा एक ८०० चेनपुलीवर घेतली होती. माउंटिंगचे बोल्ट काढले, रेडिएटरचे होज काढले, शाफ्ट काढले. मी साखळी ओढत होतो. इंजिन बोटभर वर आलं, मग थांबलं. मी ओढतच राहिलो, कारण चेनपुलीवर हाताला काहीच कळत नाही, एकेक कडी टकटक करत येत राहते. काका ओरडले तेव्हा बघितलं, गाडीचा पुढचा भाग उचलला जात होता. बॉडीची अर्थची पट्टी काढायची राहिली होती. म्हणजे कडीवर त्या क्षणी इंजिन नव्हतं, गाडीचं निम्मं धूड होतं. त्या दिवशी वर लोखंडी गर्डर होता म्हणून निभावलं. एक विसरलेला बोल्ट आणि झोपाळ्याची कडी अशी गाठ पडली तर कडी निघेल, नाहीतर स्लॅबचा पापुद्रा, आणि दोन्ही खाली उभ्या असलेल्याच्या डोक्यावर. अल्टोच्या क्लचसाठी तर इंजिन वर उचलायचंच नाही, त्यामुळे ताईचा झोपाळा आहे तिथेच राहू दे.

चौथा मुद्दा पेट्रोलचा, एकाच ओळीत: 'पेट्रोलचा पाइप काढून बोटाने दाबून धरा.' हे लिहिणारा कार्बोरेटरच्या जमान्यात राहिलाय. एमपीएफआय, म्हणजे पंपाच्या दाबाने इंजेक्टरमधून पेट्रोल सोडणाऱ्या, गाडीत इंजिन बंद केल्यावरही पेट्रोलच्या लाइनमध्ये दाब राहतो. पाइप सैल केला की पेट्रोल फवारा मारतं, तेही कधीकधी गरम सायलेन्सरवर. आधी पंपाचा फ्यूज काढायचा, इंजिन सुरू करून आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवायचं, मग बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायची आणि त्यानंतरच पाइपला हात लावायचा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरते. ताईचं तुळशी वृंदावन पोर्चच्या पायरीला लागून आहे आणि दिवेलागणीला तिथे निरांजन असतं. हे भाच्याला सांगितल्यावर तो पहिल्यांदा गप्प झाला.

पाचवा, एसीचा. 'एसीचे पाइप खोला, थोडा गॅस सुटेल, काही होत नाही.' होतं. या गाड्यांच्या एसीत असलेला आर-१३४ए हा गॅस उणे २६ अंशांना उकळतो. द्रवरूपात हातावर किंवा डोळ्यावर उडाला तर बर्फाने भाजल्यासारखं भाजतं. शिवाय हवेत सोडल्यावर तो वजनाला वजन कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून जास्त उष्णता अडवतो. आणि हे करायची बहुतेक वेळा गरजच नसते. कॉम्प्रेसर पाइपांसकट बोल्ट काढून बाजूला बांधून ठेवता येतो.

सहावा: 'सगळ्याचे मोबाइलवर फोटो काढा आणि उतरवल्याच्या उलट क्रमाने बसवा.' फोटोचा सल्ला चांगला, त्याबद्दल आभार. पण बेल हाउसिंगचे, म्हणजे गिअरबॉक्स इंजिनाला जोडणाऱ्या घंटेसारख्या भागाचे, बोल्ट कमी-जास्त लांबीचे असतात आणि ते फोटोत दिसत नाही. पुठ्ठ्यावर गिअरबॉक्सचा आकार काढून जिथला बोल्ट तिथेच खोचून ठेवायचा. लांब बोल्ट आखूड भोकात गेला की ॲल्युमिनियमचं कास्टिंग तडकतं, नाहीतर आटे जातात.

'उलट क्रमाने' या शब्दांत खरा दिवस जातो. नवी क्लच प्लेट कुठली बाजू फ्लायव्हीलकडे, म्हणजे इंजिनाच्या जड चाकाकडे, ते बघून लावायची, आणि तिला दाबून धरणारी प्रेशर प्लेट आवळण्याआधी क्लच प्लेट बरोबर मध्यावर आणायची. गॅरेजात त्यासाठी जुन्या गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट, म्हणजे क्लच प्लेटमध्ये बसणारा दांडा, ठेवलेला असतो. प्लेट केसभर बाजूला राहिली तर गिअरबॉक्स शेवटचं बोटभर अंतर सरकतच नाही. मग नवखा माणूस काय करतो? बोल्ट लावतो आणि आवळून ओढून घेतो. टक्क आवाज येतो, आणि गिअरबॉक्सचा कान तुटून हातात. दुसरी चूक म्हणजे दमून गिअरबॉक्सचा भार त्याच्याच इनपुट शाफ्टवर लोंबकळत सोडून चहाला जाणं. नव्या प्लेटचं मधलं हब वाकतं आणि क्लच पहिल्या दिवसापासून थरथरतो. तिसरी, आणि ही शहाण्यासुरत्यांकडूनही होते: ड्राइव्ह शाफ्ट काढायच्या वेळी सांडलेलं गिअर ऑइल परत भरायला विसरणं. मेसेजमध्ये ऑइल हा शब्दच नाही.

एका दिवसात? सवयीचा मेकॅनिक गिअरबॉक्स अर्ध्या दिवसात काढ-घाल करतो. पहिल्यांदा करणाऱ्याने दोन रविवार धरावेत, आणि मधल्या आठवड्यात एसटीने जावं.

सातवा मुद्दा भाच्याला लागू नाही, पण धोक्याचा आहे: 'इंजिन खराब असेल तर जुन्या बाजारातून आणून बसवा, आरटीओची भानगड नको.' इंजिन नंबर आरसीवर छापलेला असतो. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ वाचा. इंजिन बदलायला नोंदणी अधिकाऱ्याची मंजुरी लागते. स्वतःचंच इंजिन उतरवून, दुरुस्त करून परत बसवलं तर कुणाला विचारायचं कारण नाही. पण दुसऱ्या नंबरचं इंजिन घेऊन फिरत असाल तर अपघातानंतर विमावाला आधी तोच नंबर तपासेल. आणि ते इंजिन चोरीच्या गाडीचं निघालं तर पोलीस चौकीत हा मेसेज दाखवून उपयोग होणार नाही.

रविवारी मी कराडला गेलो होतो. गाडी अजून पोर्चमध्ये चारही चाकांवर उभी आहे. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग आणून ठेवलंय, घोड्या पुढच्या शनिवारी मिळणार आहेत, भाड्याने. विटा पुढच्या चाकांजवळ नीट रचून ठेवलेल्या होत्या, चार. भाच्याने त्यातल्या दोन विटांवर बुधवारी एकदा, "फक्त बघायला", गाडी टेकवली होती. त्या मी मागच्या अंगणात नेऊन टाकायला उचलल्या तर वरची एक दोन तुकडे होऊन हातात आली.